पहाटेचा बर्फ, दुपारचा बर्फ

मार्च संपत आला की फोन सुरू होतात. "ताई, यंदा सार पासवर बर्फ आहे ना?" विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कुणाच्या तरी मोबाइलमध्ये तो पांढराशुभ्र उतार आणि त्यावरून किंचाळत घसरत जाणारी माणसं पाहिलेली असतात. मे महिन्यात नाशिकच्या उन्हातून उठून तिथे जायचं, तर बर्फ हवाच, हे मला समजतं. मी त्यांना सांगते, बर्फ बहुधा मिळेल. पण तो किती फूट आहे यापेक्षा तुम्ही त्यावर किती वाजता असणार आहात, हे जास्त महत्त्वाचं आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मंडळी घेऊन हिमालयात जाते. हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यात, पार्वती नदीच्या खोऱ्यात ही खिंड आहे. उंची सुमारे १३,८०० फूट. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या मे महिन्यातल्या ट्रेकमुळे सार पास महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचला. कसोलच्या तळावर पुण्या-मुंबईचं, कोल्हापूरचं, नागपूरचं मराठी इतकं कानावर पडतं की पहिल्या दिवशी आपण परप्रांतात आहोत असं वाटतच नाही. हिमालयातला आयुष्यातला पहिला बर्फ अनेकांना याच खिंडीत भेटतो. म्हणूनच तो नीट ओळखून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

वाट साधारण अशी. कसोलहून नाल्याच्या काठाने देवदारांतून ग्रहण गाव. तिथून जंगल चढत वरच्या गवताळ माळांवर. या माळांना तिकडे थाच म्हणतात. मग साडेबारा हजार फुटांच्या आसपासचा नगारूचा मुक्काम. दुसऱ्या दिवशी खिंड ओलांडून पलीकडे बिस्केरी थाच आणि शेवटी बरशैणी. मेच्या सुरुवातीला बर्फ पुष्कळ खाली, झाडांच्या रेषेपाशीच भेटतो. जून उजाडेपर्यंत तोच मागे सरत सरत नगारूच्या वर जातो आणि खालच्या थाचांवर हिरवळ आणि बारीक फुलं दिसू लागतात. म्हणजे एकाच ट्रेकच्या पहिल्या आणि शेवटच्या तुकडीला दोन वेगळे डोंगर दिसतात. गेल्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राचा सल्ला तारीख विचारल्याशिवाय घेऊ नये, तो यासाठी.

आता मुख्य गोष्ट. फ्रिजच्या वरच्या कप्प्यातला बर्फ आणि डोंगरावर साठलेला बर्फ यांत मोठा फरक आहे. हिवाळ्यात पडतो तो भुसभुशीत, हवेने भरलेला. त्यातल्या स्फटिकांचे नाजूक हात एकमेकांत अडकलेले असतात. वसंतात ऊन तापलं की वरचा थर वितळतो. ते पाणी कणांच्या फटींतून खाली झिरपतं आणि रात्री पुन्हा गोठतं. असं दिवसामागून दिवस होत राहिलं की स्फटिकांचे हात गळून पडतात आणि जाड्या साखरेसारखे गोल दाणे तयार होतात. रात्री या दाण्यांना गोठलेलं पाणी एकमेकांशी जखडून ठेवतं. सकाळी ऊन आलं की आधी हे सांधेच सुटतात. दाणे तेच, बर्फ तेवढाच. पण पहाटे ज्यावर सत्तर किलोचा माणूस पाठीवर पिशवी घेऊन उभा राहतो, त्याच जागी दुपारी त्याचा पाय मांडीपर्यंत आत जातो.

मे महिन्यात हे चक्र इतकं जोरात का चालतं? कसोल साधारण ३२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेर तिथे माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३५ अंश वर येतो. मेच्या मध्यावर तो ७७ अंशांवर असतो, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. त्यात नवा बर्फ आपल्यावर पडलेल्या उन्हापैकी ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त परत फेकतो, पण जुना, ओला, धूळ आणि देवदाराच्या काड्यांनी मळलेला बर्फ बरंच ऊन पिऊन घेतो. जितका वितळतो तितका मळतो, आणि मळला की आणखी वेगाने वितळतो.

रात्रीचं गणित याहून सुंदर आहे. बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता सतत आकाशाकडे सोडत असतो. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर ही उष्णता निघून जाते, आणि हवेचं तापमान शून्याच्या दोन-तीन अंश वर असलं तरी बर्फाचा वरचा थर कडक गोठतो. ढग असतील तर ते निम्म्याहून अधिक उष्णता परत खाली धाडतात. मग थंडी वाजते, तंबूत दात वाजतात, तरी बर्फ नीट गोठत नाही. म्हणून रात्री मला तापमापकापेक्षा चांदण्या जास्त कळीच्या वाटतात. संध्याकाळी ढगांनी झाकलेलं आकाश मध्यरात्रीपर्यंत उघडलं, तर सकाळचा बर्फ पाय धरेल.

नगारूचा एक प्रसंग सांगते. आमच्याबरोबर ग्रहण गावचा एक प्रौढ गाइड होता. तो पहाटे दोनला उठून तंबूबाहेर गेला आणि काठी बर्फात दाबली. काठी सरळ आत गेली. त्याने चार ठिकाणी दाबून पाहिली आणि मला हाक मारली, "मॅडमजी, रात को जमा नहीं. आज नहीं जाएंगे." रात्रभर ढग होते. मंडळी कपडे चढवून तयार होती, चहा झाला होता, हिरमुसली. सातच्या सुमारास आकाश स्वच्छ निळं झालं, तेव्हा तर दोघं-तिघं कुरकुरलेच, एवढं छान ऊन पडलंय आणि आपण बसून! पण त्या निरभ्र सकाळचा काही उपयोग नव्हता, कारण जे गोठायचं ते रात्रीच गोठतं. दुपारी मुक्कामाच्या जवळच्या सपाट बर्फावर मी सगळ्यांना चालायला लावलं. शंभर पावलं टाकताना माणसं घामाघूम झाली. पाय आत रुततो, काढताना बुटात बर्फ शिरतो, पुढचं पाऊल कुठे थांबेल याचा भरवसा नाही. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ-बासष्ट टक्केच असतो, त्यामुळे प्रत्येक रुतलेलं पाऊल दुप्पट महाग पडतं. त्यानंतर कुरकुर थांबली. रात्र चांदण्यांची निघाली आणि दुसऱ्या पहाटे काठीने बर्फावर टणत्कार केला.

पहाटेच्या त्या टणक बर्फावरून चालण्याचीही एक रीत आहे. अंधारात टॉर्चच्या उजेडात पुढचा गाइड बुटाच्या कडेने किंवा कुदळीने पायऱ्या पाडत जातो आणि मागून सूचना येत राहते, "पैर पे पैर रखो." त्याने पाडलेल्या खुणेतच पाऊल ठेवायचं. सह्याद्रीत आपल्याला वाट सोडून जरा बाजूने जायची सवय असते. इथे ती घरी ठेवून यायची. कडक बर्फाचा उतार पहाटे अगदी गुळगुळीत असतो आणि घसरलेला माणूस सहज थांबत नाही. बुटांखाली बांधायची लोखंडी दातेरी साखळी हल्ली सहज मिळते. ती पहाटेच्या या कडक बर्फासाठी न्यावी. सूर्य वर आल्यावर वरचा इंचभर थर मऊ होतो, खालचा अजून घट्ट असतो. चालायला याहून चांगला बर्फ नाही. तो अवधी तास-दोन तासांचा, आणि सगळं नियोजन त्या अवधीत खिंड गाठण्यासाठी असतं. मध्यरात्रीनंतर उठवतात ते यासाठी.

उताराचं तोंड कुठे आहे यावरही वेळ बदलते. पूर्वेकडचा उतार उन्हं येताच मऊ होऊ लागतो, पश्चिमेकडचा दुपारनंतर, आणि उत्तरेकडच्या सावलीत बर्फ उशिरापर्यंत कडकच राहतो. एका धारेच्या दोन अंगांना एकाच वेळी दोन प्रकारचा बर्फ असू शकतो. खडक उन्हाने तापतात आणि भोवतीचा बर्फ खालून पोखरतात; झाडांच्या बुंध्यांशीही तेच. थकलेला माणूस नेमका टेकायला खडकाकडे जातो आणि कमरेपर्यंत आत जातो. खडकापासून चार हात दूर बसा, हे मी तोंड दुखेपर्यंत सांगते.

सगळ्यात फसवे असतात ते बर्फाखालचे नाले. वरून अखंड पांढरी चादर, खाली पाणी धावतंय. ते पाणी आणि बोगद्यातली उबदार हवा छताला खालून खात राहते, ऊन वरून. मध्यभागी बर्फ खचल्यासारखा दिसतो, रंग राखाडी होतो, कान दिला तर खळखळ ऐकू येते. असा पूल सकाळी लवकर, गाइडने काठीने तपासल्यावर, एकेकाने ओलांडायचा. उघडे नालेही दिवसभर सारखे नसतात. पहाटे घोटाभर असलेलं पाणी संध्याकाळी गुडघ्याच्या वर येतं, कारण दुपारी वर वितळलेलं पाणी खाली पोचायला काही तास लागतात.

आता त्या प्रसिद्ध घसरगुंडीविषयी. खिंड ओलांडल्यावर बिस्केरीच्या बाजूला बर्फाचे लांब उतार आहेत आणि त्यांवरून बसून खाली जाण्याचा आनंद खरोखर मोठा आहे. साठीची माणसं तिथे लहान मुलांसारखी हसताना मी पाहिली आहेत. पण तीही वेळेची गोष्ट आहे. वरचा थर मऊ झालेला हवा. कडक बर्फावर वेग आवरत नाही. रेघ गाइडने ठरवलेलीच, आणि ज्या उताराचा शेवट डोळ्यांनी दिसत नाही त्यावर बसायचं नाही. बुटांच्या लोखंडी साखळ्या आधी काढून ठेवायच्या. दाते बर्फात अडकले तर घोटा मोडतो. टाचा रोवून वेग कमी करायचा आणि पुढचा माणूस बाजूला झाल्याशिवाय निघायचं नाही.

ऋतू वसंताचा असला तरी वर हिवाळा अधूनमधून परत येतो. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या ज्या प्रणालींमुळे हिमालयात हिवाळ्यातला बर्फ पडतो, त्या एप्रिल-मेमध्येही येतात. रात्रीत फूटभर नवा बर्फ पडला की फोटो सुरेख येतात, पण जुन्या कडक थरावर बसलेला हा नवा थर ऊन लागताच ओला आणि जड होतो. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असेल तर तो खाली यायला फार कारण लागत नाही. उतारावरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप गडगडत येऊ लागले, की तिथून निघण्याची ती सूचना असते. अशा वेळी एक दिवस थांबावं. मे महिन्यातल्या दुपारी विजा आणि गाराही ठरलेल्या, आणि उघड्या धारेवर आडोसा नसतो. पहाटे निघण्याचं हे आणखी एक कारण.

अंगावरच्या गोष्टी थोडक्यात. गडद चष्मा बाजूंनीही झाकणारा हवा, कारण बर्फावरून ऊन खालूनही येतं. डोळे भाजले तर ते काही तासांनी कळतं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी लागते. क्रीम हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावावं. सुती मोजे नकोत. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने शरीराची उष्णता ओढून नेतं, त्यामुळे ओला पाय हीच पहिली अडचण. कोरड्या लोकरी मोज्यांची एक जोडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून शेवटपर्यंत राखून ठेवावी.

हे सगळं आता अधिक बारकाईने पाहावं लागतं, कारण हिवाळे बदलताहेत. हवामान खात्याच्या नोंदींत २०२२चा मार्च देशात १९०१ नंतरचा सर्वांत उष्ण ठरला. काठमांडूच्या 'इसीमोड' या संस्थेने हिंदुकुश-हिमालयातला बर्फ जमिनीवर किती काळ टिकतो हे पाहून सांगितलं, की २०२५मध्ये तो नेहमीपेक्षा २३.६ टक्के कमी होता, २३ वर्षांतला नीचांक. ट्रेकवाल्यांना यातून एवढंच दिसतं की घसरगुंडीच्या उतारावर माती आणि दगड लवकर उघडे पडतात. पार्वती भुंतरला बियासला मिळते आणि ते पाणी पुढे पंजाबच्या शेतांपर्यंत जातं, तेव्हा हा तोटा आपल्या सुट्टीपेक्षा फार मोठा आहे, आणि तो बर्फ पायांखाली घेऊन चाललेल्या माणसाने त्याची काळजी करावी असं मला वाटतं. पातळ बर्फ चालणाऱ्यालाही सोपा नसतो. नाल्यांवरचे पूल लवकर खचतात आणि खडकांभोवतीची पोकळी जास्त ठिकाणी लपलेली असते.

तर फोन करणाऱ्यांना माझं सांगणं असं. कसोलला पोचलात की जो नुकताच वरून उतरलाय अशा गाइडला गाठा आणि विचारा, गेल्या तीन रात्री वर गोठलं का, नवा बर्फ कधी पडला, नाल्यावरचे पूल कुठपर्यंत शाबूत आहेत. आणि परतीचं तिकीट काढताना ट्रेक संपण्याच्या तारखेनंतर एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. त्याच संध्याकाळची चंदीगडची बस आणि पुढची रेल्वे ठरलेली असली, की नगारूला "आज नाही" म्हणणाऱ्या गाइडशी माणसं वाद घालतात. दिवस वापरावा लागला नाही, तर मणिकर्णच्या गरम कुंडात पाय सोडून बसा. दुखऱ्या गुडघ्यांना बरं वाटतं.