फिल स्वतः बांधताना

भालकी-औरादकडच्या गावांत भजनाला बसणाऱ्यांना 'फिल' नवा नाही, नावच तेवढं नवं. अभंगाचं कडवं संपत आलं की पखवाजी ठेका सोडून बोल उठवतो आणि समेवर येतो. ड्रमवरचा फिलही तेच करतो.

चार मात्रा घ्या. मात्रेला चार ठोके, म्हणजे 16 जागा. त्यात तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, बसवू: पाच ठोके, एक जागा रिकामी, पुन्हा पाच, एक रिकामी, शेवटी पाच. बेरीज 17. हा सतरावा ठोका बरोबर समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पडतो. तो क्रॅशवर घ्या, सोबत पायाने बेस ड्रम. पहिले पाच स्नेअरवर, दुसरे टॉमवर, तिसऱ्यातले चार फ्लोअर टॉमवर नेले की आवाज उतरत जातो. पाचाऐवजी तीन-तीन ठोके आणि मध्ये चार-चार जागा मोकळ्या ठेवूनही 17च भरतात. मला तोच प्रकार आवडतो. त्यात श्वास आहे.

आधी तोंडाने म्हणा, 'तकतकिट'. हात मागाहून. नवखे फिलमध्ये हमखास धावतात, म्हणून हाय-हॅटवर पायाने मात्रा धरा. तीन आवर्तनं साधा ठेका, चौथ्यात फिल, असं मेट्रोनोम लावून वाजवून पाहा.