समुद्रशेतीची पहिली नांगरणी नकाशावर
(लेखमाला : नकाशा आणि रोजगार, लेखांक ६)

तेलंगणातल्या निर्मलच्या मुलांनी समुद्रशेतीत, म्हणजे समुद्रात मासे किंवा शेवाळ वाढवण्याच्या कामात, रोजगार शोधावा म्हटलं, की पहिला सवाल ठरलेला: इथून समुद्र आहे कुठे? पण भारताच्या समुद्राचा रोजचा हिशेब मांडणारी इन्कॉइस ही संस्था १९९९पासून हैदराबादेत आहे, म्हणजे निर्मलहून महामार्गाने दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर. उपग्रहांनी टिपलेलं पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासे कुठे जमतील याचा अंदाज ती मच्छीमारांना कळवते: बंदरापासून दिशा, अंतर आणि तिथली खोली. ही मदत मासेमारीची. शेतीत नकाशाची गरज याहून मोठी आहे. मच्छीमाराला आज इथे मासा मिळाला नाही, तर उद्या तो दुसरीकडे जाळं टाकतो. मासे वाढवायला पाण्यात जाळ्याचा पिंजरा रोवणाऱ्याला ती सोय नाही. जागा चुकली की हंगाम बुडाला.

कोकणच्या किनाऱ्यावर पिंजऱ्याची जागा ठरवायची आहे, असं समजू. जाळं चार मीटर खोल असेल, तर मोठ्या ओहोटीलाही त्याच्या तळाखाली पाणी खेळतं राहायला हवं. नाहीतर उरलेलं खाद्य आणि विष्ठा खाली साचून कुजते आणि पाण्यातला प्राणवायू खाते. म्हणून नकाशाचा पहिला थर खोलीचा. इथेच नवखा फसतो: नाविक नकाशातली खोली ओहोटीच्या नीचतम पातळीपासून मोजतात, जमिनीच्या नकाशातली उंची सरासरी समुद्रपातळीपासून. दोन्ही न जुळवता एकावर एक ठेवले, तर कोकणात मीटरहून अधिक फरक पडू शकतो. त्यावर पावसाळ्यातल्या क्षारतेचा थर येतो, कारण नदीच्या पुराचं गोडं पाणी समुद्रशेवाळाला सोसत नाही. मग प्रवाह, लाटा, होड्यांची वाट, गावकऱ्यांच्या जाळ्यांच्या जागा आणि शेवटी किनारा नियमन क्षेत्राच्या रेषा. संगणकावर एकावर एक ठेवलेले हे सगळे थर पार करून जी जागा उरते, तीच शेतीची. २००५च्या किनारी मत्स्यशेती प्राधिकरण कायद्याची व्याप्ती २०२३च्या दुरुस्तीने वाढली. त्यामुळे परवानगीसाठीही जागेचा चोख पुरावा लागणार.

यावर एक आक्षेप रास्त आहे: हे सगळं कोळ्याला तोंडपाठ असतं, मग संगणक कशाला? खरंच, प्रवाह कुठे वळतो आणि खडक कुठे लपलाय हे उपग्रहाला दिसत नाही. ढगांआड रंग टिपणारा संवेदक आंधळा होतो, आणि किनाऱ्यालगतच्या गढूळ पाण्यात हरितद्रव्याचे आकडेही फसवे निघतात. पण कोळ्याचं ज्ञान बँकेत, विमा कंपनीत किंवा परवान्याच्या अर्जात जसंच्या तसं चालत नाही. त्याचं बोट आणि नकाशावरचा बिंदू यांची गाठ घालून देणारा माणूस हवा, आणि रोजगार आहे तो याच गाठीत. दुसरा आक्षेप नोकऱ्यांच्या संख्येचा. समुद्रशेतीत कायमच्या जागा थोड्या आहेत, काम बरंचसं प्रकल्पापुरतं असतं, हे मान्यच. म्हणून केवळ समुद्राच्या भरवशावर हे शिकू नये. पूररेषा, पाणीपुरवठा, पीकपाहणी इथेही हेच कौशल्य विकलं जातं.

सरावाला तर समुद्रही लागत नाही. गोदावरीवरच्या श्रीरामसागर जलाशयाची मूळ साठवणक्षमता ११२ टीएमसी (अब्ज घनफूट). गाळाने ती आता ऐंशीच्या आसपास आली आहे. ही घट कळली ती तळाची खोली पुन्हा मोजल्यामुळे. पिंजऱ्यासाठी भर उन्हाळ्यातही पुरेसं पाणी कुठे उरतं, हा प्रश्न तिथेही तोच आहे. भरती-ओहोटीच्या जागी पाणी भरण्या-उतरण्याचं वर्षचक्र येतं, एवढंच. असे थरांचे नकाशे करण्याची क्यूजीआयएस ही संगणकप्रणाली फुकट मिळते. मत्स्यविज्ञानाचं शिक्षण हवं असेल, तर वनपर्ती जिल्ह्यात पेब्बेर आणि कोकणात रत्नागिरीजवळचं शिरगाव इथे महाविद्यालयं आहेत. ज्याला निर्मल जिल्ह्यातल्या कडेम किंवा स्वर्णा प्रकल्पाचा खोली-नकाशा नीट करता येतो, त्याला खाडीचा नकाशा शिकायला नवा जन्म घ्यावा लागत नाही. भरतीचं गणित तेवढं नव्याने शिकावं लागतं. ते गणित पुढच्या लेखांकात.