एक्स्प्लेनर : इंजिनीअर, माजी सैनिक आणि अपक्ष! घाटकोपरमधून आमदारकी लढवायची तर गणित काय?

लष्करातून निवृत्त झालेला एखादा इंजिनीअर घाटकोपरमधून विधानसभेला अपक्ष उभा राहिला, तर त्याच्यापुढे काय वाढून ठेवलेलं असतं?

अर्ज भरणं सोपं आहे. वय 25 पूर्ण हवं, राज्यातल्या कुठल्याही मतदारयादीत नाव हवं आणि 10 हजार रुपये अनामत. नोकरीत असताना लढता येत नाही, निवृत्तीनंतर आडकाठी नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला मात्र त्याच मतदारसंघातले 10 मतदार सूचक म्हणून उभे करावे लागतात.

खर्चाची मर्यादा सगळ्यांना सारखीच, 40 लाख. पण ती उमेदवाराच्या खर्चाला; पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. खरी मेख इथे आहे. त्यात हा घाटकोपर! 2024 मध्ये घाटकोपर पूर्वमधून जिंकलेले भाजपचे पराग शहा यांची जाहीर मालमत्ता सुमारे 3,383 कोटी होती. पेन्शनवर जगणाऱ्याने इथे बॅनरबाजीत बरोबरी करायचा विचारही करू नये.

ईव्हीएमवरही अपक्ष तळाला. आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष, शेवटी अपक्ष. चिन्हसुद्धा ऐनवेळी मिळतं, ते घरोघरी पोहोचवायला जेमतेम दोन आठवडे.

मग फौजी ओळख कामी येते का? ‘मी माजी सैनिक’ असं सांगता येतं. मात्र प्रचारात जवानांचे फोटो वापरू नका, असं निवडणूक आयोगाने 2013 मध्ये आणि पुन्हा मार्च 2019 मध्ये बजावलं आहे.

फौजी जिंकतात, पण बहुधा पक्षाच्या चिन्हावर. 1991 मध्ये राजापूरमधून सुधीर सावंत यांनी थेट मधू दंडवतेंना हरवलं ते काँग्रेसच्या तिकिटावर. लष्कराच्या इंजिनीअर्स कोअरमधले मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी उत्तराखंडचे मुख्यमंत्री झाले ते भाजपकडून. उलट एअर डेक्कन काढणारे कॅप्टन गोपीनाथ 2009 मध्ये दक्षिण बंगळुरूतून अपक्ष लढले आणि अनामत गमावून बसले.

अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. दीड लाख मतं पडली, तर 25 हजारांच्या वर. घाटकोपर ज्या ईशान्य मुंबईत येतं, तिथे 2014 च्या लोकसभेला मेधा पाटकर ‘आप’कडून लढल्या. देशभर ओळख असलेलं नाव, 76 हजारांवर मतं, तरीही अनामत गेली.