कार्डावरची टिप कोणाची?

बिलासोबत बडीशेप येते. आम्ही कार्ड पुढे करतो, टिपही त्यातच धरायला सांगतो आणि उठतो. ती वेटरपर्यंत पोहोचली का, हे कोण विचारतो?

रोख टिप थेट हातात पडते. कार्डावरची आधी मालकाच्या खात्यात जाते. आयटीसी हॉटेल्सच्या प्राप्तिकर प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशी टिप म्हणजे पगार नव्हे. ती ग्राहकाकडून येते, मालक ती विश्वस्त म्हणून वाटतो. वाद टीडीएसचा होता, मालक सुटले. पण विश्वस्ताने वाटलेच नाही तर? ब्रिटनने २०२३ साली कायदाच केला. १ ऑक्टोबर २०२४ पासून तेथे मालकाला टिपेतून स्वतःसाठी काहीही कापता येत नाही. आपल्याकडे असा कायदा नाही.

रोखीतही घोळ आहेच. नोट वेटरच्या खिशात जाते. मोरीवर भांडी घासणारा आणि संडास धुणारी आमच्या टेबलापर्यंत येत नाहीत. ती कोणत्या वस्तीतून येतात, हे या वाचकांना सांगायला नको!

बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली किमान वेतनाचे विधेयक मांडले गेले, १९४८ साली कायदा झाला. तो बक्षिसीसाठी नव्हता. टिप मिळते म्हणून पगार कमी, हा मालकांचा हिशेब आम्हाला मान्य नाही.

तोवर टिप रोख द्या. देताना पगाराची पावती मिळते का, तेही विचारा.