सोनमाशांचा एक रोग

नदीतला मासा आणि काचेच्या पेटीतला मासा ह्यांच्या दैवात मोठेच अंतर असते. भोरजवळच्या नीरेतला किंवा वेल्ह्याकडील कानंदीतला मासा पाणी नासले म्हणजे दुसरा डोह गाठू शकतो. पेटीतल्या सोनमाशाला ती सोय नाही. त्याची विष्ठा व उरलेले अन्न त्याच पाण्यात कुजते, आणि अशक्त झालेल्या माशावर जिवाणूंचा हल्ला होतो.

अशा रोगांपैकी एक वारंवार आढळतो. माशाच्या ओठांवर, पाठीवर व परांच्या कडांवर कापूस चिकटावा तसा पांढुरका थर दिसू लागतो. पुष्कळ लोक त्याला बुरशी समजतात आणि बुरशीचे औषध घालतात. रोग मात्र वाढतच जातो, कारण तो बुरशीचा नव्हेच. डेव्हिस ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. सूक्ष्मदर्शकातून पाहिले असता हे जिवाणू एकत्र येऊन खांबासारखे उभे राहिलेले दिसतात; म्हणून रोगाला 'कॉलम्नॅरिस' हे नाव मिळाले.

बुरशीचे तंतू लांब असून पाण्यात हलतात. ह्या रोगाचा थर बहुधा चपटा, कधी पिवळसर असतो व पाठीवर खोगिरासारखा पसरतो. परांच्या कडा झिजतात. सर्वांत वाईट म्हणजे रोग कल्ल्यांत शिरणे. मग अंगावर काही खूण नसतानाही मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो आणि एकदोन दिवसांत मरतो.

आजारी माशाचे पाणी कोमट करण्याची काहींना सवय असते. येथे तेच घातक ठरते, कारण उष्ण पाण्यात हे जिवाणू झपाट्याने वाढतात. वैशाखातल्या उन्हात पेटी खिडकीशी ठेवणेही तितकेच वाईट. रोगी मासा वेगळ्या भांड्यात, सावलीत ठेवून पाण्यात पंपाने हवा सोडावी. पेटीतले चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी आधी दिवसभर उघडे ठेवावे, म्हणजे त्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो. वेगळ्या भांड्यात लिटरमागे दोन ग्रॅम मीठ विरघळवून हळूहळू मिसळावे. सोनमाशाला ते सोसते, सर्वच माशांना सोसत नाही. रोग फैलावला असेल, तर प्रतिजैविक औषध लागते; ते पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे. अर्धवट मात्रेने जिवाणू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात.

दया येऊन कोणी असा मासा भाटघरच्या जलाशयात सोडतो. त्याच्याबरोबर रोगही तेथल्या माशांपर्यंत पोचू शकतो. पेटीतून उपसलेले पाणीसुद्धा ओढ्यात ओतू नये. ते अंगणातल्या मातीत जिरू द्यावे, आणि जाळी कडक उन्हात पुरती वाळवूनच पुन्हा वापरावी.