जोड टिकतो तो कशानं?

गेटवे ऑफ इंडियाचा पिवळसर दगड खारोडीचा. खारोडी म्हणजे मालाड पश्चिमेहून मार्वेकडे जाताना लागणारं गाव. जुन्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या भिंतींत कुर्ल्याच्या करड्या बेसॉल्टबरोबर मालाडचा फिकट पिवळा ट्रॅकाइट आहे. काळा घोड्याजवळचं डेव्हिड ससून ग्रंथालय आणि त्याच्या शेजारचं एल्फिन्स्टन कॉलेजही याच मालाड स्टोनचं. उपनगर वाढत गेलं तशा इथल्या खाणी थांबल्या. त्यामुळे यातल्या एखाद्या इमारतीचा कोपरा सुटला, कोरीव पान तुटलं, तर तोच तुकडा पुन्हा जागेवर बसवण्याला फार मोल आहे. २०२३ च्या मार्चमध्ये गेटवेच्या दर्शनी भागावर काही ठिकाणी भेगा आढळल्याची माहिती संसदेत दिली गेली, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न हाच आला: दगड दगडाला चिकटवतात कशानं?

जगभरचे संवर्धक अशा वेळी बऱ्याचदा इपॉक्सीच, म्हणजे दोन घटक मिसळून घट्ट होणारी राळच, वापरतात, पण फार जपून. जड तुकडा असेल तर दोन्ही बाजूंना भोकं पाडून त्यात स्टेनलेस स्टीलची सळी घालतात. भार सळीवर, इपॉक्सी फक्त तिला धरून ठेवायला. दगडाच्या तुटलेल्या तोंडावर आधी एसीटोनमध्ये विरघळणाऱ्या अ‍ॅक्रिलिक राळेचा पातळ थर देतात, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाला जोड सोडवायचा झाला तर सोडवता येतो. इपॉक्सी तोंडभर माखत नाहीत. दगडातून ओल ये-जा करत असते आणि घट्ट झालेलं इपॉक्सी तिला वाट देत नाही. ओल जोडामागे अडकते आणि काही पावसाळ्यांनी जोड शाबूत राहून शेजारचा दगडच भुगा होऊन गळतो.

ही काळजी न घेतल्याचं उदाहरण कैरोच्या संग्रहालयात घडलं. २०१४ मध्ये तुतानखामेनच्या सोन्याच्या मुखवट्याची दाढी निखळली आणि ती घाईघाईनं इपॉक्सीनं चिकटवली गेली. सोन्यावर ओघळ राहिले, जोड वाकडा बसला. पुढच्या वर्षी जर्मन आणि इजिप्शियन तज्ज्ञांनी तो थर लाकडी हत्यारांनी हळूहळू खरवडून काढला आणि दाढी मधमाश्यांच्या मेणानं पुन्हा बसवली. प्राचीन कारागिरांनीही मेणच वापरलं होतं.

घरातल्या मोडतोडीलाही हेच लागू आहे, असं माझं ठाम मत आहे. मालाडच्या नटराज मार्केटच्या आसपास हार्डवेअरच्या दुकानात आपण विचारतो, ‘सगळ्यात मजबूत कुठलं?’ विचारायला हवं ते वेगळंच: काय कशाला जोडायचं आहे, त्या जोडावर जोर कुठून येणार आहे आणि आपल्याकडे वेळ किती आहे. याची उत्तरं मिळाली की ट्यूब आपोआप ठरते.

इपॉक्सीचा जन्म दातांच्या कवळीसाठी झाला. स्वित्झर्लंडच्या पिएर कास्तान यांनी १९३० च्या दशकात दंतवैद्यकाचं साहित्य बनवणाऱ्या एका कंपनीसाठी ही राळ तयार केली. कवळीच्या बाजारात तिचं काही जमलं नाही. पेटंट बाझलच्या सिबा कंपनीकडे गेलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तीच राळ अराल्डाइट या नावानं बाजारात आली. ही सिबा मराठी घरांत आधीच ओळखीची होती. रेडिओ सिलोनवर अमीन सायानींनी ज्या बिनाकाची गीतमाला घराघरात नेली, ती टूथपेस्ट सिबाचीच. मालाडच्या अगदी लगत, गोरेगावला, सिबानं १९६३ मध्ये संशोधन केंद्र उघडलं, रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारी त्याचे पहिले संचालक. तिथलं काम औषधांचं होतं. राळेचं उत्पादन वलसाडजवळ अतुलमध्ये, सिबाच्या भागीदारीतून सुरू झालं. पुढे सिबा आणि गायगी एकत्र आल्या, कालांतरानं राळेचा व्यवसाय अमेरिकेच्या हंट्समनकडे गेला. २०२० मध्ये अराल्डाइटचा भारतातला किरकोळ व्यवसाय सुमारे २,१०० कोटी रुपयांना पिडिलाइटनं घेतला. पिडिलाइटचं मुख्यालय अंधेरीला. एम-सील त्यांच्याकडे २००० सालापासूनच होतं. म्हणजे फेविकॉल, फेविक्विक, एम-सील आणि अराल्डाइट ही चारही नावं आज एकाच घरची, पण त्यांचा स्वभाव अगदी वेगवेगळा.

फेविकॉल पाण्यातलं आहे. पाणी लाकडात शिरून उडून जातं तेव्हा ते घट्ट होतं. काचेला काच त्यानं जोडली तर पाण्याला जायला जागाच नाही. फेविक्विक हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या दमटपणानं क्षणात जमतं, पण दोन तोंडं अगदी मिळून यायला हवीत. फट राहिली की ते हरलं. इपॉक्सीतून काहीच उडून जात नाही. एका ट्यूबमध्ये राळ, दुसरीत हार्डनर. राळेच्या रेणूच्या टोकांना तीन अणूंची ताणलेली कडी असते. हार्डनरमधली अमाइनं ती उघडतात आणि तिथेच बांधली जातात. असं करत सगळा थर एकच सलग जाळं होतो. म्हणून ते फारसं आकसत नाही आणि फटही भरून काढतं. ग्रॅनाइटचा ओटा बसवणारे त्यात दगडाचीच पूड मिसळून सांधा भरतात, तो याच बळावर.

हार्डनर म्हणजे नुसतं जमवणारं औषध नव्हे, जाळ्याचा निम्मा भाग तोच असतो. ‘हार्डनर थोडा जास्त टाका, लवकर जमेल’ हा सल्ला सर्रास ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. गाड्यांच्या डेंटिंगमध्ये जी पॉलिएस्टर पुट्टी वापरतात तिच्यात हे काही अंशी चालतं, बहुधा ती सवय तिथूनच आली असावी. इपॉक्सीत प्रमाण चुकलं की जास्तीचे रेणू जोडीदाराविना उरतात आणि जोड कायम रबरासारखा राहतो. साध्या अराल्डाइटच्या दोन ट्यूबांचं प्रमाण आकारमानानं एकास एक आहे. वजनानं घ्यायचं झालं तर १०० भाग राळेला ८० भाग हार्डनर. एम-सीलच्या दोन कांड्या म्हणजे पूड घालून घट्ट केलेलं इपॉक्सीच. रंगाची एकही रेघ उरणार नाही इतकी ती कणकेसारखी मळायला हवी. घाईत अर्धवट मळलेलं एम-सील हेच टाकीच्या पाइपाजवळची गळती पुन्हा सुरू होण्याचं नेहमीचं कारण.

आता जोराकडे येऊ. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या घासून, पुसून एकमेकींवर चढवून जोडल्या, तर चांगलं मंद, म्हणजे सावकाश जमणारं, इपॉक्सी चौरस सेंटीमीटरला दीडशे-दोनशे किलोच्या आसपास घसरवणारा जोर सोसतं. दाबाला तर ते फारच तगडं. पण त्याच जोडाच्या कडेला पातं घालून सोलायला लागलात, की सगळा जोर एका रेघेवर येतो आणि जोड फटकन सुटतो. म्हणून चपलेचा तळ इपॉक्सीनं चिकटवू नये. पावलागणिक तो वाकतो, सोलला जातो. तिथे चांभाराचं रबरी सोल्युशनच हवं. बादली हा मुंबईतल्या न्हाणीघरांचा कायमचा प्रश्न. बहुतेक बादल्या पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनच्या. तळाशी त्रिकोणात ५ किंवा २ आकडा असतो. या प्लास्टिकला घरातलं कुठलंच इपॉक्सी धरत नाही, त्यावर पैसे घालवू नयेत.

जोर ओळखून केलेल्या जोडाचं उदाहरण म्हणजे २००९ मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू. त्याचे काँक्रीटचे खंड आधी जमिनीवर ओतले आणि मग वर नेऊन एकमेकांना भिडवले. भिडवताना तोंडांवर इपॉक्सीचा थर होता. खंड नीट सरकून बसावेत, फटीतून खारं पाणी शिरू नये, खंड एकमेकांवर घसरू नयेत, एवढी कामं त्याच्याकडे. सेतू तोलला आहे पोलादी तारांच्या ताणानं आणि त्या ताणामुळे थर सतत दाबाखाली राहतो. ज्या जोरात इपॉक्सी खरं उतरतं तेवढाच त्याच्या वाट्याला दिला आहे.

याच्या उलट बॉस्टनला घडलं. १० जुलै २००६ च्या रात्री तिथल्या बोगद्याच्या छताचे कित्येक टनांचे काँक्रीटचे तक्ते एका मोटारीवर कोसळले आणि आतली एक महिला ठार झाली. तक्ते ज्या बोल्टांवर टांगले होते ते इपॉक्सीनं छतात बसवलेले होते. चौकशीत निघालं की वापरलेलं इपॉक्सी लवकर जमणारं होतं आणि सतत टांगलेल्या भाराखाली ते हळूहळू ताणलं जाऊन सरकत होतं. थोड्या वेळाच्या चाचणीत ते उत्तम ठरलं असतं. भिंतीवरचं शेल्फ, पंख्याचा हुक, खिडकीवरची जाळी यांना ट्यूबमधल्या इपॉक्सीवर टांगू नका. तिथे खिळा, स्क्रू, अँकर बोल्ट.

आणि म्हणूनच मी मंद इपॉक्सीच्या बाजूचा आहे. पाच मिनिटांत पकडणाऱ्या ट्यूबा दुकानदार आधी पुढे करतो, कारण गिऱ्हाइकाला तेच हवं असतं. खेळण्याचं चाक, फोटोफ्रेमचा कोपरा यांना ते ठीक. एरवी दीड-एक तास हाताळता येणारं आणि रात्रभर जमणारं साधं इपॉक्सी ताकदीला, पाण्याला आणि उष्णतेला सरस ठरतं. पाकिटावरचा वेळ साधारण पंचवीस अंशांचा धरलेला असतो. दर दहा अंशांना प्रक्रिया जवळजवळ दुप्पट वेगानं होते, तेव्हा मे महिन्यातल्या मालाडमध्ये हातातला वेळ निम्म्यावर येतो असं समजावं.

एक जोड जवळून पाहू. लोणच्याच्या चिनीमातीच्या बरणीचं झाकण, वरची मूठ तुटलेली. मूठ बाहेरच्या बाजूला आहे, लोणच्याला लागणार नाही, म्हणून इपॉक्सी चालेल. खाद्यपदार्थाला लागेल तिथे साधं इपॉक्सी वापरू नये. तुटलेली तोंडं साबणानं धुऊन पूर्ण वाळवायची. चिनीमाती आतून ओल शोषते, तेव्हा एक दिवस उन्हात. मग एसीटोननं पुसायचं आणि त्यानंतर तिथे बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकटपणाही पकड कमी करतो. बॉम्बे टॉकीज ही चित्रपटसंस्था १९३४ साली जिथे उभी राहिली त्या मालाडच्या आवारात आज छोट्या कारखान्यांचे गाळे आहेत. असल्या गाळ्यांतला कसलेला कारागीर ट्यूबच्या आधी पॉलिश पेपर उचलतो, तो याचसाठी. चिनीमातीचं खरखरीत तुटलेलं तोंड घासावं लागत नाही. धातू आणि गुळगुळीत प्लास्टिक मात्र १०० नंबरच्या पेपरनं घासल्याशिवाय जोडू नये.

जुन्या टाइलच्या तुकड्यावर सारख्या लांबीच्या दोन रेघा पिळायच्या आणि आइस्क्रीमच्या काडीनं दोन मिनिटं घोटायचं, कडा आत ओढत. एकाच तोंडाला पातळ थर द्यायचा, मूठ बसवून किंचित फिरवायची आणि चारी बाजूंनी बारीक धार बाहेर आली की थांबायचं. फार दाबलं तर सगळं बाहेर जातं आणि जोड कोरडा राहतो. बाहेर आलेलं एसीटोनच्या बोळ्यानं लगेच टिपायचं, चिकटपट्टीनं मूठ धरून ठेवायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. टाइलवर उरलेला थेंब तसाच ठेवावा: नखाची खूण त्यावर उठत असेल तर जोडही अजून कच्चा आहे. चहाच्या कपाचा कान याच रीतीनं जोडता येईल, पण त्यात चहा पिऊ नये. साठ अंशांच्या आसपास साधं इपॉक्सी मऊ पडतं आणि उकळता चहा त्याहून बराच गरम. कुकरच्या मुठीचा तर विचारही नको.

हौसेच्या कामांत हल्ली रेझिन आर्ट उपनगरांतल्या घराघरांत पोचलं आहे. लग्नातल्या वरमाला गोठवून देणाऱ्या, घड्याळं आणि कोस्टर बनवणाऱ्या कितीतरी जणी स्वतःच्या हॉलमधून व्यवसाय करतात. हे इपॉक्सी चिकटवायचं नव्हे, ओतायचं. पातळ, संथ, आणि प्रमाण बहुधा दोनास एक किंवा तीनास एक. ते वजनानं की आकारमानानं हे बाटलीवर वाचून काटा घ्यावा. फूल पूर्ण सुकलेलं हवं, सिलिका जेलमध्ये ठेवून. ओलं फूल आत तपकिरी होतं आणि बुडबुडे सोडतं. जाड साचा एकदम भरू नये. प्रक्रियेची उष्णता मोठ्या ढिगात कोंडते, कप हाताला चटका देतो, धूर येतो, तडे जातात. पातळ थर, एक जमला की दुसरा. जुलै-ऑगस्टमध्ये वरच्या पृष्ठभागावर चिकट, मेणचट साय येते. ती हार्डनरमधल्या अमाइनांची हवेतल्या दमटपणाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी झालेली गाठ. कोमट साबणाच्या पाण्यानं ती धुऊन, घासून मगच पुढचा थर द्यावा, नाहीतर तो सुटून येतो. उन्हात सगळंच इपॉक्सी पिवळं पडतं, पारदर्शक म्हणून विकलेलंसुद्धा. खिडकीतल्या वस्तूला हा माल नको.

या हौशी मंडळींबद्दल मला खरी काळजी वाटते ती कातडीची. न जमलेली राळ आणि हार्डनर अंगावर लागत राहिले तर ऍलर्जी जडू शकते. आज काही होत नाही म्हणून बिनधास्त राहिलेल्या माणसाला काही महिन्यांनी पुरळ उठतं आणि एकदा जडलेली ही ऍलर्जी सहसा जात नाही. मग तो व्यवसायच सोडावा लागतो. हातमोजे नायट्राइलचे घालावेत. हाताला लागलेलं एसीटोननं किंवा थिनरनं पुसू नये, ते राळ कातडीत आणखी खोल नेतात, साबण-पाणी घ्यावं. जमलेल्या तुकड्याला पॉलिश पेपर मारताना मास्क लावावा, ओला पेपर वापरला तर आणखी बरं. खिडकी उघडी ठेवावी आणि लहान मुलं झोपतात त्या खोलीत ओतकाम करू नये. कपात उरलेला माल मोरीत ओतायचा नाही. तो पसरट डबीत, उघड्यावर, पूर्ण टणक होऊ द्यायचा आणि मगच कचऱ्यात टाकायचा.