जुन्या ट्रकला नवे एंजिन

भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची लाकडी पेटी तशीच ठेवून आतले यंत्र नवे बसवले, तर बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. घड्याळ मात्र वेळ अचूक दाखवू लागते. अमेरिकेतील हौशी लोक जुन्या ट्रकांच्या बाबतीत असेच काहीसे करतात. पत्रा, दिवे, गोल चेहरा सारे १९५० च्या सुमाराचे, आणि पुढचे झाकण उघडून पाहावे तर आत २००० सालच्या सुमाराचे एंजिन!

पण घड्याळ आणि ट्रक यांत एक मोठा फरक आहे. घड्याळाचे यंत्र पेटीत मावले की काम संपते. ट्रकचे एंजिन चौकटीत मावले की खरे काम सुरू होते. असे का, ते आपण एका उदाहरणावरून पाहू या.

दोन एंजिने, दोन जमाने

शेवरोले कंपनीने १९४७ ते १९५५ या काळात काढलेला अर्ध्या टनाचा पिकअप ट्रक हौशी मंडळींत फार लोकप्रिय आहे. (शेवरोले हे नाव आपल्याकडेही जुने आहे. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईला शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला होता. तेथे शेवरोले मोटारी व ट्रक जुळवले जात. हा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला.) या पिकअपचे सुरुवातीचे एंजिन एका रांगेत सहा सिलिंडरांचे, सुमारे साडेतीन लिटरचे होते. त्याची शक्ती सुमारे ९० अश्वशक्ती, आणि ती मिळे मिनिटाला सुमारे ३,३०० फेऱ्यांना.

त्याच्या जागी बरेचदा बसवतात ते त्याच कंपनीच्या १९९९ नंतरच्या ट्रकांतील ५.३ लिटरचे, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे आठ सिलिंडरांचे एंजिन. १९९९ मध्ये त्याची शक्ती २७० अश्वशक्ती होती, म्हणजे जुन्याच्या तिप्पट. भंगारात गेलेल्या गाड्यांतून ही एंजिने सहज मिळतात, म्हणूनही त्यांना मागणी आहे.

मात्र दोन्ही एंजिनांतला खरा फरक आकाराचा किंवा शक्तीचा नाही. तो पेट्रोल मोजून देण्याच्या पद्धतीचा आहे.

ओढून घेणे आणि मोजून देणे

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. जुन्या एंजिनात हे प्रमाण कार्ब्युरेटर सांभाळतो. दट्ट्या खाली जाताना हवा आत ओढली जाते. ही हवा कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे शेजारच्या वाटीतले पेट्रोल बारीक छिद्रातून वर खेचले जाऊन हवेत मिसळते. यात वीज नाही, गणित नाही. छिद्राचा आकार कारखान्यात ठरलेला असतो.

येथेच अडचण येते. अमेरिकेतील डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा सुमारे सातव्या हिश्शाने विरळ असते. छिद्र मात्र तेच! त्यामुळे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होते, ते अर्धवट जळते आणि धूर वाढतो. थंडीत, चढावर, अचानक वेग वाढवताना कार्ब्युरेटरला अशाच तडजोडी कराव्या लागतात.

नव्या एंजिनात पेट्रोल ओढले जात नाही, ते फवारले जाते. प्रत्येक सिलिंडरसाठी विजेने उघडणारी एकेक बारीक झडप असते. ती किती वेळ उघडी ठेवायची हे लहानसा संगणक ठरवतो. हे काम किती नाजूक आहे पाहा. या एंजिनाच्या एका सिलिंडरात सुमारे ६६६ घन सेंटिमीटर जागा असते. ती पूर्ण भरली तर सुमारे ०.८ ग्रॅम हवा मावते. गाडी सपाट रस्त्यावर सावकाश चालली असेल तर समजा याच्या निम्मी, म्हणजे ०.४ ग्रॅम हवा येते. तिला १४.७ ने भागा. उत्तर येते सुमारे २७ मिलिग्रॅम पेट्रोल. पाण्याचा एक थेंब साधारण ५० मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे अर्ध्या थेंबाइतके पेट्रोल मोजून द्यायचे! एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला २५ वेळा, आणि आठही सिलिंडर मिळून २०० वेळा.

एंजिनाचे डोळे आणि कान

संगणकाला हा हिशेब करण्यासाठी माहिती लागते. ती देणाऱ्या साधनांना संवेदक म्हणतात. एक संवेदक आत येणाऱ्या हवेचे वस्तुमान मोजतो, दुसरा पाण्याचे तापमान सांगतो. एंजिनाच्या भुजादंडावर २४ खाचांची चकती असते. तिच्याजवळचा संवेदक दट्ट्या कोठे आहे ते कळवतो. धुराच्या नळीतला संवेदक उरलेला प्राणवायू पाहून ‘पेट्रोल जास्त झाले’ किंवा ‘कमी झाले’ अशी खबर देतो. ती मिळताच संगणक पुढच्या फवाऱ्यांत दुरुस्ती करतो.

म्हणून नवे एंजिन एकटे आणून चालत नाही. त्याच्याबरोबर त्याचा संगणक, संवेदक आणि तारांचा सारा जुडगा आणावा लागतो. एखादी महत्त्वाची तार राहिली, तर धडधाकट एंजिनही सुरू होत नाही. आणखी एक गंमत म्हणजे मूळ गाडीतला संगणक चोरीविरोधी किल्लीची खूण शोधतो. जुन्या ट्रकमध्ये ती किल्ली नसते. तेव्हा संगणकाला आपण चोराच्या हाती लागलो असे वाटते व तो पेट्रोल बंद करतो! त्याची ही समजूत त्याच्या आज्ञावलीत बदल करून दूर करावी लागते.

वीज आणि पेट्रोल यांचीही तीच गत. त्या काळच्या शेवरोले ट्रकांत ६ व्होल्टची बॅटरी असे, संगणकाला १२ व्होल्ट लागतात. जुना पंप पेट्रोलला वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक-तृतीयांश इतका दाब देई. फवारणीला त्याच्या बारा-तेरा पट, म्हणजे वातावरणाच्या सुमारे चौपट दाब लागतो. त्यासाठी विजेचा नवा पंप आणि तो दाब सोसणाऱ्या नळ्या हव्यात. १९४९ पासून या ट्रकांची पेट्रोलची टाकी चालकाच्या खोलीतच, आसनामागे असे. तेथे जास्त दाबाच्या नळ्या नेणे धोक्याचे, म्हणून बरेच जण टाकीच मागे, चौकटीखाली हलवतात.

गिअरपेटीचे गणित

जुन्या ट्रकमध्ये हाताने बदलायचे तीन गिअर असत. शेवटच्या गिअरमध्ये एंजिनाचा वेग तसाच मागे जाई आणि मागच्या आसापाशी तो ४.११ ने भागला जाई. चाकाचा व्यास ७१ सेंटिमीटर धरला, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ७४७ फेरे घेते. ७४७ ला ४.११ ने गुणा. एंजिनाला सुमारे ३,०७० फेरे घ्यावे लागतात. म्हणजे बिचारे जवळजवळ आपल्या पूर्ण शक्तीच्या वेगाने धावत असते.

नव्या एंजिनाबरोबरच्या स्वयंचलित गिअरपेटीत चार गिअर असतात. त्यांचे प्रमाण ३.०६, १.६३, १ आणि ०.७० असे असते. या ट्रकचा मागचा आसही बदलावा लागतो, कारण जुन्या आसाचा दांडा एका बंद नळीत असून आसाचा रेटा त्या नळीतूनच पुढे पोचतो. नव्या गिअरपेटीला ही नळी जोडता येत नाही. समजा नवा आस ३.७३ प्रमाणाचा घेतला. आता हिशेब करा: ७४७ × ३.७३ × ०.७० = सुमारे १,९५०. त्याच वेगाला एंजिनाचे फेरे एक-तृतीयांशाहून अधिक घटले. आवाज कमी आणि झीजही कमी.

या पेटीचे गिअर तोच संगणक बदलतो. म्हणून चाकाचा व्यास आणि आसाचे प्रमाण त्याला नव्याने सांगावे लागते. चुकीचे सांगितले तर गिअर भलत्या वेळी बदलतात.

सर्वांत महत्त्वाचे: थांबणे

शक्ती वाढली की सर्वांचे लक्ष वेगाकडे जाते. खरा प्रश्न थांबण्याचा असतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १,५०० किलोग्रॅमच्या ट्रकची ऊर्जा ताशी ६० किलोमीटरला सुमारे २०८ किलोज्यूल असते. ताशी १२० ला ती दुप्पट नव्हे, तर चौपट, म्हणजे ८३३ किलोज्यूल होते. एवढ्या उष्णतेत २० अंश तापमानाचे अडीच लिटर पाणी उकळीला येईल! ही सारी उष्णता काही सेकंदांत ब्रेकमध्ये उत्पन्न होते.

जुन्या ट्रकला चारही चाकांवर बंद पिंपासारखे ब्रेक असत. तापले की त्यांची पकड ढिली पडे. शिवाय चारही ब्रेकांना तेल पुरवणारी योजना एकच होती. एक नळी फुटली की चारही ब्रेक निकामी! अमेरिकेतील मोटारींत पुढच्या व मागच्या चाकांसाठी तेलाच्या स्वतंत्र वाटा १९६७ पासून सर्रास आल्या. म्हणून जाणकार कारागीर नव्या एंजिनाला हात घालण्यापूर्वी पुढे उघड्या तबकड्यांचे ब्रेक आणि तेलाच्या दोन वाटा बसवतात. रेडिएटरही मोठा घेतात, कारण पेट्रोलच्या उष्णतेतील सुमारे एक-तृतीयांश भाग पाण्यातून बाहेर टाकावा लागतो.

धुराची जबाबदारीही विसरता येत नाही. कॅलिफोर्निया राज्यात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे. तरीही विचारी मालक नव्या एंजिनाचे धूर शुद्ध करणारे साधन काढून टाकत नाहीत. आपल्याकडे नियम कडक आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. एंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी हवी.

फवारणीचे तंत्र पाहायला मात्र अमेरिकेस जायला नको. एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम आले आणि आपल्याकडच्या जवळजवळ सर्व नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर गेला.

यंत्राचा एक भाग बदलला की त्याच्याशी जोडलेला प्रत्येक भाग पुन्हा तपासावा लागतो. विद्यार्थी मित्रांनो, हे तुमच्या सायकलवरही पडताळता येईल. पुढच्या व मागच्या चक्रांचे दात मोजा आणि चाकाचा व्यास घ्या. पायटा मिनिटाला ६० वेळा फिरवला तर सायकल ताशी किती किलोमीटर जाईल? मागचे चक्र दोन दातांनी लहान केले तर वेग किती वाढेल, आणि त्या वेगाला तुमचे ब्रेक पुरतील काय? हिशेब वहीत करा, मग शिक्षकांबरोबर मोकळ्या मैदानावर पडताळून पाहा.